कुआवा म्हणजे आपला पेरू!

बालमित्रांनो, ‘कुआवा’ म्हणजे काय, सांगा पाहू? अहो, तिखट-मीठ लावून तुम्ही ज्याचा फडशा पाडता, तोच पेरू! पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर त्याला असं म्हणतात. हवाईयन भाषेत ‘ग’ हे अक्षरच नाही. मग ‘ग्वावा’चा कुआवा झाला!

पेरू मूळचा ना आपला, ना त्यांचा. त्याचं माहेर अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशात. हवाईयनांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी होड्यांतून या बेटांवर आले, तेव्हा त्यांनी अळू, केळी, ऊस, नीरफणस बरोबर आणले. पेरू त्यांत नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. मारीन नावाच्या एका स्पॅनिश माणसानं तो आणला, असं सहसा सांगतात.

पण हा पाहुणा असा काही रुळला, की थेट घरगुती औषधांत जाऊन बसला! पोट बिघडलं, जुलाब लागले, की तिथले लोक पेरूची कोवळी पालवी चघळत, नाहीतर पानांचा काढा घेत. पानांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. तोंड आलं की आपली आजीही पेरूची पानं चावायला लावते ना? तीच ती तुरट चव. (जुलाब थांबत नसतील तर मात्र डॉक्टरांकडेच जायचं हं!) लाकडाचं जळण चांगलं होतं. त्याच्या धुरावर मांसही शिजवतात. आणि फळात क जीवनसत्त्व संत्र्याच्या जवळजवळ चौपट!

आता त्याच्या चुलतभावाची गोष्ट. 1825 साली हवाईत आणखी एक पेरू आला. छोटा, लालचुटूक, गोड. त्याला म्हणतात ‘वायावी’. रानडुकरांनी आणि पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया रानभर टाकल्या. झाडं इतकी दाट वाढली, की तिथल्या मूळच्या ओहिया वृक्षांच्या रोपांना ऊनच मिळेना. ओहियाची लाल फुलं म्हणजे हवाईयनांचा जीव की प्राण!

शास्त्रज्ञांनी वायावीच्याच मायदेशातून, ब्राझीलमधून, एक चिमुकला कीटक शोधून काढला. तो झाड मारत नाही, पानांवर गाठी आणून वाढ रोखतो. पण लोक म्हणाले, “आम्ही ही फळं खातो, जॅम करतो. कीटक कशाला?” बरीच वर्षं वाद चालला. तुम्हीच सांगा, कोणाची बाजू घ्यायची? मला तर दोघांचंही पटतं. अखेर 2012च्या सुमारास कीटक सोडले. ते पसरतात मात्र अगदी गोगलगायीच्या गतीनं.