नाव एकच, नोंदी तीन

आमच्या भाचीने गेल्या वर्षी ‘स्वयम्’वर एक अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षाही दिली. पण क्रेडिट्स काही तिच्या खात्यात दिसेनात. शोधता शोधता घोळ सापडला तो नावात! आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कॉलेजात आडनाव आधी. ‘स्वयम्’वर वडिलांचे नावच नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना हे नवीन नाही.

आज वर्ग मूडलवर, चर्चा दुसऱ्याच ॲपवर आणि क्रेडिट्स २०२१ साली सुरू झालेल्या ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये. या यंत्रणा जोडण्याची सोय आहे. ‘एलटीआय’ या मानकामुळे मूडलमधून दुसऱ्या साधनात पुन्हा लॉगिन न करता जाता येते आणि तिथले गुण मूडलमध्ये परत येतात. पण एका संस्थेची नोंद दुसरीकडे जाताना नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही, की गाडी अडते. घरच्यांना कळते की ही तीच मुलगी. संगणकाला नाही कळत.

म्हणून मित्रांनो, प्रवेश घेतानाच सगळीकडे आधारप्रमाणे नाव लिहा. डिजिलॉकरमधून क्रेडिट बँकेचा बारा अंकी आयडी काढा आणि कॉलेजला द्या. क्रेडिट्स आपल्याला स्वतः भरता येत नाहीत, ती संस्थाच भरते. तेव्हा दर सत्राअखेर खाते उघडून पाहा.

भाचीची दुरुस्ती झाली, पण तीन महिने हेलपाटे घातल्यावर. तुमचे ते वाचोत!