भूमिपुत्र, उपरे आणि तिसरा मालक

पक्षाच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने गेल्या महिन्यात एक प्रश्न विचारला. एखाद्या प्रदेशातील मूळ रहिवासी दरिद्री असतील आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक त्यांच्याहून सुस्थितीत असतील, तर समाजवाद्याने कोणाची बाजू घ्यावी? प्रश्न भाबडा नव्हता. विचारणारा पालघरकडचा होता, आणि ‘भूमिपुत्र’ हा शब्द कोणाच्या तोंडी कसा वापरला जातो हे त्याने लहानपणापासून ऐकलेले होते.

उत्तर देताना मी मलेशियाकडे वळलो. तेथे ‘बुमिपुत्र’ हा घोषणेतला नव्हे, सरकारी व्यवहारातला शब्द आहे. मलय भाषेने तो संस्कृतातूनच घेतलेला. शिष्यवृत्ती, सरकारी कंत्राट, कंपनीचे भाग, इतकेच काय पण नव्या घराच्या किमतीतील सवलत, सर्वत्र अर्जदार बुमिपुत्र आहे की नाही हे पाहिले जाते. मूळचे आणि बाहेरचे ह्यांच्या सांपत्तिक स्थितीची तुलना ज्या मोजक्या देशांनी राज्यकारभाराचा पाया म्हणून स्वीकारली, त्यांत हा देश अग्रभागी आहे. तेव्हा तुलनेने काय साधले आणि काय झाकले, हे तेथेच पाहावे.

१९७० साली द्वीपकल्पीय मलेशियाच्या लोकसंख्येत मलय निम्म्याहून थोडे अधिक, चिनी वंशाचे सुमारे एकतृतीयांश आणि भारतीय वंशाचे, मुख्यतः तामिळ, दहापैकी एक असे प्रमाण होते. त्या वर्षी मलय कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १७२ रिंगिट, भारतीय कुटुंबाचे ३०४ आणि चिनी कुटुंबाचे ३९४ होते. दारिद्र्यरेषेखाली मलय कुटुंबे सुमारे ६५ टक्के, भारतीय ३९ टक्के आणि चिनी २६ टक्के. हे आकडे खोटे नव्हते. मलय शेतकऱ्याचे दारिद्र्य इतके खोल होते की उंगकू अझीझ ह्या तेथील थोर अर्थशास्त्रज्ञांनी ते मोजण्यासाठी घरात माणशी किती सारोंग, म्हणजे लुंग्या, आहेत हीच मोजपट्टी सुचवली. उत्पन्न विचारले तर गरीब माणसाला सांगता येत नाही. दोरीवर वाळणारी वस्त्रे मोजता येतात. आमच्या विषयातील पुष्कळ क्लिष्ट निर्देशांकांपेक्षा मला ही मोजपट्टी अधिक प्रामाणिक वाटत आली आहे.

पण ह्या आकड्यांना इतिहास आहे. चिनी मजूर एकोणिसाव्या शतकात पेराक आणि सेलांगोरमधील कथिलाच्या खाणींत उतरले ते प्रवासखर्चाच्या कर्जात बांधलेले. दिवसभराच्या मजुरीतून उरेल ते अफूत जाई, आणि अफूचा मक्ता ज्या धनिकांकडे असे तेच बहुधा खाणीचे सावकारही असत. विसाव्या शतकाच्या आरंभी रबराचे मळे वाढले, तसे तामिळनाडूच्या गावागावांतून कंगाणी, म्हणजे माणसे जमवून आणणारे मुकादम, मजुरांच्या टोळ्या घेऊन आले. मलय शेतकऱ्याला इंग्रजांनी मजूर केले नाही; त्याला भाताच्या खाचरात ठेवले. १९१७ च्या कायद्याने भाताच्या जमिनीवर दुसरे पीक घेण्यास बंदी घातली, कारण मळ्यांवरच्या आणि खाणींवरच्या लोकांना तांदूळ स्वस्तात हवा होता. तरीही मलय शेतकरी रबराकडे वळलाच. मग १९२२ ते १९२८ ह्या काळात रबराचे उत्पादन रोखण्याची जी योजना राबवली गेली, तिने युरोपीय मळ्यांना झुकते माप दिले आणि छोट्या लागवडदाराला हात आखडायला लावले. हे केवळ आम्हीच म्हणतो असे नाही. पीटर बाउर हे आमच्या विचारांच्या अगदी दुसऱ्या टोकाचे अर्थशास्त्रज्ञ. त्यांनीही छोट्या लागवडदारांवरचा हा अन्याय दाखवून दिला होता. आणि इतके सगळे करून मलय माणूस जात्याच आळशी आहे असा निर्वाळा साहेबाने दिला. त्या निर्वाळ्याची चिरफाड सय्यद हुसेन अलातास ह्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात केली आहे.

आता त्याच १९७० सालचा दुसरा तक्ता पाहा. कंपन्यांच्या भागभांडवलात बुमिपुत्रांचा वाटा अवघा २.४ टक्के होता. भारतीयांचा सुमारे १ टक्का. चिनी वंशीयांचा सुमारे २७ टक्के. आणि परकीयांचा, मुख्यतः ब्रिटिशांचा, ६३ टक्के! उपऱ्याने भूमिपुत्राचे लुटले अशी फिर्याद ज्या देशात गल्लोगल्ली चालली होती, त्या देशाच्या संघटित भांडवलापैकी जवळजवळ दोनतृतीयांशाचा मालक भांडणात हजरच नव्हता. तो लंडनमध्ये होता. मलय शेतकऱ्याला रोज दिसे तो चिनी दुकानदार, कारण रबर तोच विकत घेई आणि उधारीही तोच देई. रबराचा भाव ठरवणारा त्याला कधी दिसला नाही.

सरासरी हे मोठे फसवे शस्त्र आहे, असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. चिनी सरासरीत खाणमालक आणि बँकवाले होते, तसेच ‘नव्या खेड्यां’तले लोकही होते. १९४८ ते १९६० च्या आणीबाणीत कम्युनिस्ट बंडखोरांची रसद तोडण्यासाठी सुमारे ५ लाख ग्रामीण लोकांना, त्यांतील बहुसंख्य चिनी, काटेरी तारांच्या कुंपणातल्या ह्या वसाहतींत हलवले गेले होते. भारतीय सरासरीत क्वालालंपूरचे वकील-डॉक्टर होते आणि मळ्यावरच्या चाळीत राहून पहाटे रबराची झाडे कोरणारी स्त्रीही होती. सुधीर आनंद ह्यांनी १९७० च्या आकडेवारीवर काम करून १९८३ साली दाखवून दिले की मलेशियातील एकूण उत्पन्न-विषमतेपैकी वंशावंशांतील अंतराचा भाग जेमतेम दहावा आहे. उरलेली सगळी विषमता वंशांच्या पोटातली, म्हणजे मलय-मलयांतली, चिनी-चिन्यांतली. हा एक आकडा प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा आहे.

ह्या पोटातल्या विषमतेवर राजकारण उभे करण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. १९५७ साली मलय शेतकऱ्यांचा पार्ती रकयात आणि प्रामुख्याने चिनी कामगारांत रुजलेला मजूर पक्ष ह्यांनी मिळून समाजवादी आघाडी स्थापन केली. अहमद बुस्तमाम हे तिचे एक नेते. १९६३ साली त्यांना स्थानबद्ध केले गेले, इतरही अनेक तुरुंगात गेले. आणि जे सरकारला साधले नाही ते भाषेच्या प्रश्नावरील आपसांतल्या वादाने पुरे केले. १९६६ च्या सुमारास आघाडी संपली. गरिबांना वंशाच्या पलीकडे एकत्र आणणारे व्यासपीठ उरले नाही, आणि १९६९ च्या निवडणुकीनंतर तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, क्वालालंपूरमध्ये वांशिक दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे मेली. संसद स्थगित झाली. ह्या दोन घटनांचा संबंध मी जोडतो. इतिहासकार त्याबद्दल मतभेद दाखवतील, ते त्यांनी खुशाल दाखवावेत.

दंगलीनंतर, १९७१ साली, ‘नवे आर्थिक धोरण’ आले. (आपल्याकडे १९९१ नंतर त्याच नावाने जे आले त्याच्याशी ह्याची गल्लत करू नये, ते राज्याला मागे सारणारे होते, हे राज्याला पुढे आणणारे.) त्याची दोन उद्दिष्टे होती. एक, वंश न पाहता दारिद्र्य हटवणे. दुसरे, अमुक वंशाचा तो अमुक धंद्याचा ही सांगड मोडणे, आणि त्यासाठी १९९० पर्यंत भागभांडवलातील बुमिपुत्रांचा वाटा ३० टक्क्यांवर नेणे.

पहिल्या उद्दिष्टाचे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. द्वीपकल्पातील दारिद्र्य १९७० साली ४९ टक्के होते ते १९९० साली १५ टक्क्यांवर आले. पाटबंधारे, खेड्यातील शाळा व दवाखाने, आणि १९५६ पासून चालू असलेली ‘फेल्डा’ची वसाहत-योजना, जिच्यात एक लाखाहून अधिक भूमिहीन कुटुंबांना लागवडीसाठी जमीन मिळाली: हे सर्व राज्याने केले, बाजाराने नव्हे. तथापि हे यशही विनासंघर्ष आले नाही. १९७४ च्या अखेरीस रबराचे भाव कोसळले तेव्हा केडा राज्यातील बालिंग येथे हजारो मलय शेतकरी मलय नेतृत्वाच्याच सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले विद्यार्थी नेते अन्वर इब्राहिम जवळजवळ दोन वर्षे स्थानबद्ध होते. तेच २०२२ मध्ये पंतप्रधान झाले, हा काळाचा विनोद.

दुसऱ्या उद्दिष्टाची कथा निराळी. १९९० साली बुमिपुत्रांचा वाटा सुमारे १९ टक्के झाला, परकीयांचा ६३ वरून २५ वर उतरला आणि चिनी वंशीयांचा मात्र २७ वरून ४५ टक्क्यांवर चढला. म्हणजे ‘उपऱ्यां’चे काढून भूमिपुत्रांना दिले, हे वर्णन आकड्यांनाच मान्य नाही. दोघांनीही घेतले ते परकीय मालकाच्या जागेतून. परंतु ‘दोघांनी’ म्हणजे कोणी? ७ सप्टेंबर १९८१ रोजी सकाळी लंडनच्या शेअरबाजारात मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने काही तासांत गथ्री ह्या जुन्या ब्रिटिश मळा-कंपनीचे नियंत्रण मिळवले. साम्राज्याच्या एका बालेकिल्ल्यावर ध्वज लागला, ह्याचा आनंद मलाही झाला होता. पण मळ्यावरच्या चाळीत त्या दिवशी काहीच बदलले नाही. मजुरी रोजावर राहिली, घर नोकरीला बांधलेले राहिले. किमान वेतनाचा देशव्यापी नियम अमलात यायला २०१३ साल उजाडले. दरम्यान मळ्यांच्या जमिनी वसाहतींसाठी विकल्या गेल्या, आणि तामिळ मजुराची नोकरी गेली त्याच दिवशी त्याचे छप्परही गेले. नवी प्रशासकीय राजधानी पुत्रजया अशाच एका मळ्याच्या जागेवर उभी आहे. ह्या मजुराला कोणत्याही तक्त्यात स्वतःची ओळ नव्हती. तो ‘भारतीय’ ह्या सरासरीत, वकील-डॉक्टरांच्या शेजारी, बऱ्यापैकी सुस्थितीत दिसत राहिला.

आणि भूमिपुत्र तरी कोण? राज्यघटनेनुसार जो इस्लाम पाळतो, मलय भाषा बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो तो मलय. त्यामुळे ज्याचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी जावाहून बोटीने आले त्याचा नातू भूमिपुत्र ठरतो, आणि मलाक्क्यातील चिट्टी समाज, जो पंधराव्या शतकातील सुलतानांच्या काळापासून तेथे आहे व घरात मलयच बोलतो, तो ठरत नाही. ह्या दोहोंच्या आधीपासून त्या अरण्यांत राहणारे लोक म्हणजे ओरांग अस्ली. ओरांग म्हणजे माणूस. अस्ली हा आपल्या ‘अस्सल’चाच भाऊबंद. अस्सल माणसे! पण घटनेचे १५३ वे कलम मलय आणि सबा-सारावाकचे मूळ रहिवासी ह्यांच्या विशेष स्थानाची हमी देते. द्वीपकल्पातील ओरांग अस्लींचा त्यात उल्लेख नाही. क्वालालंपूरच्या नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी १९९५ साली टेमुआन जमातीची जमीन घेतली तेव्हा सरकारने झाडांची आणि झोपड्यांची भरपाई देऊ केली, जमिनीची नाही, कारण जमीन त्यांची मानलीच नव्हती. ती त्यांची आहे हे २००२ साली न्यायालयाला सांगावे लागले. २०१९ मध्ये देशातील दारिद्र्याचे प्रमाण ५.६ टक्के होते; ओरांग अस्ली कुटुंबांत ते एकतृतीयांशाच्या घरात होते. भूमिपुत्रांची सरासरी सुधारत गेली आणि तिच्याआड हे लोक दिसेनासे झाले.

आमचा पालघरचा कार्यकर्ता येथे हसला. मुंबईत भूमिपुत्रांच्या नावाने दक्षिणी कारकुनाची टंकलेखकाची जागा मागितली जात होती, तेव्हा त्या मागणीत वारली कोठे होता, असे त्याने विचारले. नव्हताच. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे जन्मभर राबणाऱ्या वारल्याला १९४५ मध्ये उठवले ते गोदावरी परुळेकरांसारख्यांनी, लाल बावट्याखाली. त्याला भूमिपुत्र म्हणण्याची आठवण शहराला तेव्हा झाली नाही, आणि त्याची जमीन हवी असते तेव्हा आजही होत नाही.

म्हणून त्याच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की दोनच ओळींचा तक्ता पुढे आला तर तो प्रथम परत करावा. मूळच्या लोकांची गरिबी खरी असेल तर तिच्यावर खास उपाय हवेतच. त्यात मला तिळमात्र संशय नाही. परंतु तिसरी ओळ मालकाची मागावी, चौथी प्रत्येक गटातल्या तळच्या माणसाची, आणि ज्याचे नाव कोणत्याच गटात नाही त्याची पाचवी.

मलेशियात ही पाचवी ओळ आज कोणाची, हे सांगून थांबतो. तामिळ मजूर गेल्यावर मळ्यांवर इंडोनेशिया, बांगलादेश आणि नेपाळचे मजूर आले. भूमिहीन मलयांना जमीन देणाऱ्या फेल्डाची व्यापारी शाखा २०१२ साली शेअरबाजारात आणली गेली. २०२० मध्ये सक्तमजुरीच्या आरोपावरून अमेरिकेने तिच्या पामतेलाला बंदी घातली. त्याच वर्षअखेर तशीच बंदी आली ती ज्या कंपनीत गथ्री पुढे विलीन झाली होती तिच्यावर. ह्या मजुरांचे उत्पन्न देशाच्या सरासरीत किती भरते, असे त्या कार्यकर्त्याने विचारले. भरत नाही. कुटुंबाच्या उत्पन्नाचे जे सरकारी आकडे तेथे १९८९ पासून प्रसिद्ध होतात ते केवळ नागरिकांचे असतात.