धुळीचा तराजू कोणाच्या हाती?

भूमिगत खाणी विदर्भात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे बोगदा नाही. म्हणून धुळीचे मोजमाप हा खाणकामगारांचा प्रश्न, आपला नव्हे, असा समज येथे रूढ आहे. तो मालकवर्गाच्या पथ्यावर पडणारा आहे. फुप्फुसाला बोगदा आणि शेड यांतील भेद कळत नाही.

फुप्फुसाच्या तळाशी जाणारी धूळ डोळ्यांना दिसतच नाही. ती मोजावी लागते. पंप कामगाराच्या कमरेला, गाळणी गळ्याजवळ. पाळीभर हवा ओढायची आणि गाळणीचे वाढलेले वजन हवेच्या घनमापाने भागायचे. पण नुसते वजन पुरेसे नाही. त्या धुळीत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, अंश किती, याचे पृथक्करण हवे. भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्याने मर्यादा घातली : क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवून त्या संख्येने १० ला भागावे. क्वार्ट्झ ८ टक्के असेल तर घनमीटरला १ मिलिग्रॅम. १८ टक्के असेल तर अर्धा. पृथक्करण टाळले की मर्यादाच नाहीशी होते!

नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्रापाशी घ्यायचा हे मालकाने ठरवायचे आणि आकडा फायलीत पुरायचा, ही मोजणी नव्हे. सिलिकोसिस बरा होत नाही. अनेकदा तो क्षय समजला जातो. नुकसानभरपाईच्या कायद्यात त्याचे नाव आहे. पण धुळीचा आकडाच नसेल, तर कामगाराने पुरावा आणावा कोठून?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या १० वरून २० केली. निर्वासितांच्या श्रमांवर उभ्या राहिलेल्या उल्हासनगरातील लहान गाळ्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. लहान मालकाला मोजणीचा खर्च झेपणार नाही, असे म्हटले जाते. हे अगदीच खोटे नाही. परंतु त्यावर उपाय मोजणी सोडणे हा नसून, शासनाने तिन्ही शहरांसाठी सामायिक प्रयोगशाळा उभारणे हा आहे.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक फाटकावर तीन मागण्या न्याव्यात : नमुना कामगार प्रतिनिधीसमक्ष घ्यावा, त्याचे पृथक्करण स्वतंत्र प्रयोगशाळेत व्हावे आणि निकाल मराठी व हिंदीत फलकावर लागावा. वेतनाची चिठ्ठी कामगाराच्या हाती पडते. त्याच्या श्वासाचा हिशेबही पडलाच पाहिजे.