खिडकी हलकी हवी, पण वेलांटी जागेवर

कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. बोरघाटाचा चढ ३७ फुटांमागे एक फूट आहे. संगणकाच्या बाजारातही सल्ला तोच मिळतो: यंत्र दमले, तर नवे घ्या. डबे कमी करा, असे दुकानदार कशाला सांगेल?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर तिला चालत नाहीत. नाणे मावळातली शाळा असो की कामशेतमधले झेरॉक्सचे दुकान, दोन-चार जीबी रॅमचे चालते यंत्र एवढ्यासाठी भंगारात घालणे शहाणपणाचे नाही. त्यावर लिनक्स चालते. फक्त कोणते, हे नीट निवडायला हवे.

लिनक्सवर खिडक्या मांडण्याचे काम वर्षानुवर्षे एक्स ही यंत्रणा करत आली. तिची सुरुवात १९८४ साली एमआयटीत झाली; आजही चालणारी एक्स ११ ही आवृत्ती १९८७ची. म्हातारी म्हणून तिला जड ठरवण्याची पद्धत आहे, पण ते अन्यायाचे आहे. ती काही एमबी रॅमच्या यंत्रांवर वाढली. खरे ओझे तिच्यावर चढवलेल्या सजावटीचे: सावल्या, सरकते पडदे, मागे गुपचूप चालणारे शोधयंत्र. आणि ब्राउझरचे. दहा टॅब उघडले की कितीही हलका डेस्कटॉप गुडघे टेकतो, हेही सांगून टाकावे.

हलकेपणाच्या हौसेला मात्र अंत नाही. टायनी कोअर लिनक्स खिडक्यांसकट २५ एमबीच्या आत बसते. त्यासाठी ते एक्सची छोटी आवृत्ती आणि एफएलटीके हा आटोपशीर साचा वापरते. कौतुक करावे तेवढे थोडे! पण या साच्याच्या १.३ आवृत्तीत, लिनक्सवर तरी, देवनागरी अक्षरे जुळवण्याची सोयच नाही. ‘विद्यार्थी’ या नावाची फाइल तिथे पाहावी: वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, द आणि य सुटे होतात, रफार कोसळतो. मराठी शाळेत अशा खिडकीचा उपयोग काय?

म्हणून मधली वाट बरी. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप थोडी जास्त रॅम घेतात, पण त्यांच्यात जोडाक्षरे जुळवणारे हार्फबझ येते आणि अक्षर शाबूत राहते. एक्सची जागा आता वेलँड ही नवी यंत्रणा घेत आहे. २०२५च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०मधून तर एक्सचा मुख्य सर्व्हरच वगळला गेला. वेलँडवरही हलके पर्याय आहेत. रास्पबेरी पायच्या प्रणालीने ऑक्टोबर २०२४पासून लॅबडब्ल्यूसी हा छोटा खिडकी-व्यवस्थापक सरसकट स्वीकारला.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस ही प्रणाली डेबियनवर उभी आहे आणि २००७पासून उपलब्ध आहे. जिल्हा परिषदेने नव्या खरेदीची निविदा काढण्याआधी बॉस आणि एक्सएफसीईवाले डेबियन पेनड्राइव्हवरून जुन्या यंत्रांवर चालवून पाहावे. इनस्क्रिप्ट कळफलक चालू करून एका शिक्षकाने हजेरीपत्रक टाइप करावे, फाइलला मराठी नाव द्यावे, छापून घ्यावे. जिथे जोडाक्षर तुटेल, ती प्रणाली कितीही चपळ असली तरी यादीतून बाद करावी.