बंधाऱ्यांच्या नोंदी फायलीबाहेर काढा

प्रति,
महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची आखणी, मंजुरी आणि देखभाल पाहणारे सर्व अधिकारी



मी चंदीगडमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. संशोधनाचा विषय समुद्रकिनारा. इथून सर्वांत जवळचा समुद्र हजारएक किलोमीटरवर. गाळ कसा साचतो हे मुलांना दाखवायला 1958 साली बांधलेला सुखना तलाव पुरतो, लाट दाखवायला काही नाही. ‘इथे बसून समुद्राचं काय करता?’ असं मुलंही विचारतात आणि मोठी माणसंही.

उत्तर पुण्याजवळ आहे. 1916 साली सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यात आहे. तिथेही समुद्र नाही. तरी बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून, त्यांवर लाटा सोडून तिथे अभ्यास होतात. समुद्र लांब असला तरी भागतं, मोजमापं नसली की सगळं अडतं.

मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या समुद्रपातळीच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत आणि अभ्यासकांना खुल्या आहेत. अशा जुन्या नोंदी तपासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी 2007 मध्ये दाखवलं, की उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर पातळी वर्षाला सरासरी 1.29 मिलिमीटर वाढते आहे. इंग्रजी अमदानीत ते आकडे टिपणाऱ्या कारकुनाच्या हे स्वप्नातही नसेल.

आता कोकण किनाऱ्यावरचं मिऱ्या किंवा देवबाग घ्या. पावसाळ्यात बंधारा ढासळतो, दगड वाळूत रुततात, दुरुस्तीची मागणी होते. पण तो ढासळला कशाने? लाटांनी पायाखालची वाळू ओढून नेली, दगड वजनाला कमी पडले, की माथ्यावरून आलेल्या पाण्याने मागची भर वाहून गेली? तिन्हींवर इलाज निराळा. निदान करायचं तर बांधकामाआधीचे किनाऱ्याचे छेद, समोरची खोली, दगडांचं वजन आणि पडझडीची तारीख लागते. यातलं बरंचसं सरकारी खर्चाने कुणीतरी मोजलेलं असतं. अहवाल मात्र ज्याने मागवला त्याच्या कपाटात जातो.

परिणाम काय होतो ते सांगतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या डक या गावी तिथल्या सैन्याच्या अभियंता दलाचं केंद्र 1977 पासून किनारा मोजतं आणि मोजमापं खुली ठेवतं. शोधनिबंध वेळेत हवा असलेला संशोधक तिकडेच वळणार. निबंधाशिवाय नोकरी नाही, बढती नाही. कोकणातल्या मुलाने डकच्या वाळूवर पीएचडी करायची आणि घरामागची पुळण दरवर्षी खचताना बघायची, ही काही त्याची हौस नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. बांधून पाच वर्षं झालेल्या प्रत्येक बंधाऱ्याचे आराखडे, छेद, प्रतिकृतीवरच्या चाचण्यांचे अहवाल आणि दुरुस्त्यांच्या तारखा एका ठिकाणी, कुणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवा. नौदलाच्या दृष्टीने नाजूक जागा खुशाल वगळा. यापुढच्या निविदेत एक अटही घाला: पावसाळ्याआधी आणि नंतर किनाऱ्याचा छेद घ्यायचा आणि तो महिन्याभरात जाहीर करायचा. बंधाऱ्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

सुरुवात मिऱ्यापासून करा. नोंदी मिळाल्या तर चंदीगडमधून अभ्यास करून द्यायला आम्ही तयार आहोत, मानधनाशिवाय.

आपला,
चंदीगडमधील एक मराठी अध्यापक