मत पैशाला द्यायचं की माणसाला? धंद्याआधी ठरवा!



भागीदारीत पैसा किती लावायचा यावर आपण महिनाभर बोलतो. पण वाद झाला तर कुणाचं मत किती भारी, हे कुणी लिहून ठेवत नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे: मताचं वजन आधी ठरवा, आणि ठरवलेला नियम मोडता येतो का ते स्वतःच तपासा.

हे शिकायला ब्लॉकचेन बघा. तिथे अनेक प्रकल्पांत टोकनधारक मतदान करून निर्णय घेतात. कुणाच्या मताला किती वजन, या सूत्राला ते 'स्ट्रॅटेजी' म्हणतात.

समजा, इतवारीतल्या पाच किराणा दुकानदारांनी मिळून गोदाम घेतलं. एकाचे ९ लाख, चौघांचे एक-एक लाख.

१. पैशाप्रमाणे मत: ९ विरुद्ध ४. कंपनीत साधारण असंच चालतं. चौघांनी बैठकीला फक्त चहा प्यायला जायचं!

२. माणशी एक मत: १ विरुद्ध ४. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये हेच आहे. शेअर कितीही असोत, मत एक. भागीदारी फर्मच्या करारात काही लिहिलंच नसेल, तर १९३२ चा भागीदारी कायदाही रोजच्या कामातले मतभेद भागीदारांच्या बहुमताने सोडवतो. म्हणजे ९ लाखवाल्याचंही मत एकच. हे त्याला भांडण झाल्यावर कळलं तर?

३. पैशाचं वर्गमूळ: ९ चं ३, १ चं १. आता ३ विरुद्ध ४. मोठ्याला मान आहे, पण चौघांपैकी एकाला तरी पटवावंच लागतं. मला हे सूत्र जास्त न्याय्य वाटतं.

पण थांबा, आता तपासणी करू. मोठ्याने आपले ९ लाख घरातल्या नऊ जणांच्या नावावर एक-एक लाख करून टाकले तर? प्रत्येकाचं वजन १, एकूण ९. सूत्र गेलं पाण्यात! म्हणून 'एक घर, एक खातं' ही अट सोबत हवीच.

अशी तपासणी कमी पडली तर काय होतं? १७ एप्रिल २०२२ ला 'बीनस्टॉक' या प्रकल्पात एकाने क्षणभरासाठी प्रचंड कर्ज उचललं, त्यातून दोन तृतीयांशपेक्षा जास्त मतं मिळवली, तिजोरी रिकामी करणारा आपलाच प्रस्ताव मंजूर केला आणि त्याच व्यवहारात कर्ज फेडूनही टाकलं. प्रकल्पाचं नुकसान सुमारे १८ कोटी डॉलर. कुलूप कुणी तोडलं नव्हतं. नियमच तसा होता.

आपला सहकार कायदा इथे शहाणा निघाला. गृहनिर्माण संस्था वगैरे सोडल्या, तर नव्या सभासदाला पहिली दोन वर्षं मतच नाही. आज पैसा आणला, आज मत मिळालं, असं होत नाही.

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ:

- भाडं, उधारी, नवा भागीदार असे तीन वादाचे विषय घ्या. तिन्ही सूत्रांनी कागदावर मतं मोजा.
- एका भागीदाराला लबाडाची भूमिका द्या. त्याला पळवाट सापडली की नियम बदला.
- नव्या पैशाला मत किती महिन्यांनी, ते लिहा.
- धंदा बदलणं, गोदाम विकणं यासाठी सगळ्यांची संमती ठेवा.

मग वकिलाकडून करार पक्का करून घ्या. दोस्ती चांगली असते तेव्हाच हे बोलून घ्या राजेहो, बिघडल्यावर कुणी ऐकत नाही!