खारपाणपट्ट्यातील किडन्या

पूर्णेच्या खोऱ्यात बुलडाणा, अकोला, अमरावती या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात डाळ शिजत नाही, हे तिथल्या घराघरांत माहीत आहे. किडनीच्या आजाराचीही तिथे तशीच सवय होत चालली आहे. गावकऱ्यांनी दोषी केव्हाच ठरवला आहे: बोअरचे पाणी. संशय रास्त आहे. पण ते पाणी पिणाऱ्या माणसानेच कपाशीवर फवारणी केली आहे, वैशाखात उन्हात राबताना घोटभरच पाणी प्यायले आहे, अंगदुखीवर वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या आहेत. रक्तदाब मात्र कधी मोजलेला नाही. यातले प्रत्येक कारण किडनी बिघडवू शकते. रक्तातले क्रिएटिनिन तर जवळपास निम्मी क्षमता गेल्यावर वाढते. तेव्हा रुग्ण दवाखान्यात येतो, आणि कारण मागे कुठेतरी पंधरा वर्षांपूर्वी राहिलेले असते.

डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशियातील गावांनी हे भोगले आहे. १९५० च्या दशकात तिथल्या किडनीच्या आजाराची नोंद झाली. विहिरींचे पाणी, जड धातू, बुरशीचे विष, विषाणू असे सगळे संशयित झाले. एक धागा मात्र नोंदींमुळे हाती राहिला: बाहेरून येऊन त्या गावांत पंधरा-वीस वर्षे राहिलेल्यांनाही आजार होत होता. म्हणजे दोष केवळ रक्ताच्या नात्यात नव्हता. अखेर २००७ च्या सुमारास बोट गव्हाच्या शेतातल्या एका तणाकडे वळले. त्याच्या बियांतले ॲरिस्टोलोकिक आम्ल पिठातून रोजच्या भाकरीत जात होते. पाण्यावरच अडून बसले असते, तर हे कधीच कळले नसते.

अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून खारपाणपट्ट्यातही अशाच दीर्घ नोंदींचा अभ्यास हाती घ्यावा. खाऱ्या पाण्याची आणि सातपुड्याच्या पायथ्याची गोड्या पाण्याची गावे निवडून, तिथल्या त्याच माणसांचे रक्त, लघवी, रक्तदाब, पाणी, काम आणि औषधे दरवर्षी नोंदवावीत. निदान पंधरा वर्षे. सरकार बदलले, अधिकारी बदलले, तरी निधी तुटता कामा नये. एकदाच भरवलेल्या तपासणी शिबिरातून रुग्णांचा आकडा मिळतो, कारण मिळत नाही.

गोड्या पाण्याने मात्र या अभ्यासाची वाट पाहू नये. दुसरा स्रोत नसला तरीही लिटरमागे २००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्षार असलेले पाणी भारतीय मानकांनुसार पिण्यायोग्य नाही. ते आजही ज्या गावांच्या हंड्यात भरले जाते, तिथे नळ याच उन्हाळ्याआधी पोहोचला पाहिजे.